आठवं शहर

"सकाळी सात वाजता हे गाव काय करतं, ते आधी सांग."

बीजिंग असो की शांघाय, कुठल्याही शहराचं नाव निघालं की काकांचा पहिला प्रश्न हाच. मग ते टेबलावर नकाशा उलगडायचे आणि त्यावरून तळहात दोनदा सपाट फिरवायचे, तापातल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. समोरच्या माणसाला चीनची भिंत किती लांब आहे ते ऐकायचं असायचं. काका त्याला सांगायचे की बीजिंगमध्ये या वेळी म्हातारी माणसं बागेत पाण्यात बुडवलेल्या मोठ्या ब्रशने फरशीवर अक्षरं काढत असतात आणि ती अक्षरं उन्हाने वाळून जातात. भिंत कुठे पळून जात नाही, म्हणायचे. अक्षरं जातात.

ग्लेन वेव्हर्लीला स्टेशनपासून चार मिनिटांवर त्यांचं ट्रॅव्हल एजन्सीचं छोटं दुकान होतं. मेलबर्नमधल्या मराठी माणसांना चीनला नेणं हाच त्यांचा धंदा. मूळचे वसईचे, ख्रिस्ती; काका सगळ्यांचेच. तरुणपणी मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होते. शांघाय, ग्वांगझू, त्यानजिन ही शहरं त्यांनी आधी बंदराच्या बाजूने पाहिली, म्हणजे मागच्या दाराने. जो माणूस घरात मागच्या दाराने येतो त्याला आधी स्वयंपाकघर दिसतं. काकांचा सगळा चीन तसाच होता.

मी त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस काम करायला लागले तेव्हा युनिमध्ये शिकत होते. भारतात माझ्या वडिलांचा छापखाना होता आणि तिथे लग्नपत्रिका कमी, पत्रकं जास्त छापली जायची. संपाची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची, बुवाबाजीविरुद्धच्या सभेची. मी अक्षरओळख त्यावरच केली. त्यामुळे मला वाटायचं की लिहिणं म्हणजे कोणाला तरी जाब विचारणं. काकांनी मला मराठीत एक पुस्तक लिहायला मदत कर म्हणून सांगितलं. चीनच्या आठ मोठ्या शहरांची ओळख, पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसासाठी. ते सांगणार, मी लिहिणार.

शांघायचं पान मी असं सुरू केलं: "कष्टकऱ्यांच्या घामावर उभ्या राहिलेल्या या महानगरात..." काकांनी पेन्सिलीने समासात लिहिलं, "खरं आहे. पण पाहुणा चहा पिऊन होऊ दे." चोंगचिंगच्या पानावर त्यांनी स्वतः सांगितलेलं वाक्य आहे. इथे एका इमारतीत तळमजल्यावरून आत जाता आणि बाराव्या मजल्यावरून बाहेर येता, तरी बाहेर रस्ताच असतो; तेव्हा येताना गुडघ्यांना विचारून या. चेंगदूच्या चहाघरात कान कोरून देणारे फिरतात, त्यांना घाबरू नका. ग्वांगझूत कोणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, तोच धन्यवाद. ही सवय त्यांना स्वतःला इतकी लागली होती की बँकेतल्या बाईने फॉर्म पुढे सरकवला तरी काका काउंटरवर दोन बोटं आपटायचे आणि ती बिचारी कोण आलं म्हणून मागे वळून बघायची.

चीनमध्ये पोहे मिळतात का, असं दर ग्रुपमध्ये कोणीतरी विचारायचंच. काका गंभीरपणे म्हणायचे, मिळतात की, तुम्ही नेलेत तर.

मी त्यांच्याशी भांडत असे. या पुस्तकात तिथल्या सरकारबद्दल एक अक्षर कसं नाही, असं मी त्यांना कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, सरकारांची ओळख करून द्यायला सरकारं आहेत, मी नाश्त्याचं बघतो. मला हे उत्तर तेव्हा पळपुटं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडंसं आजही वाटतं. माझे वडील असते तर त्यांनी या एका वाक्यावर पत्रक काढलं असतं. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. काकांच्या हाताखालून गेलेला माणूस परत येऊन "ते चिनी लोक" असं म्हणत नसे. "तो आमचा शिआनचा नूडलवाला" असं म्हणत असे.

त्यांचा एक नियम मात्र त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. प्रवासात घडलेलं प्रवासातच ठेवायचं. कोण घोरतो, कोणाचं पोट बिघडलं, कोण भिंतीवर चढून रडलं, यातलं काही मेलबर्नला पोचता कामा नये. घराबाहेर माणूस उघडा पडतो, म्हणायचे, आणि आपण त्याला घराबाहेर नेलेलं असतं. मी मान डोलावली. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मुलीला गुपित ठेवणं म्हणजे काहीतरी दडपणं वाटतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठवं शहर वुहान होतं. २०२० उजाडलं तेव्हा त्याचंच पान बाकी होतं.

वुहानला काकांचे ग्रुप सांभाळणारी एक स्थानिक गाईड होती. आधी शाळेत शिकवायची, म्हणून काका तिला टीचर म्हणायचे. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे त्यांचं उत्तम जमायचं. जानेवारीत तिचं शहर बंद झालं. ती तिच्या सोळाव्या मजल्यावरच्या घरात अडकली, आणि रोज एक छोटा आवाजी मेसेज पाठवू लागली. आज कोबी आला. आज समोरच्या इमारतीत कोणीतरी बासरी वाजवली. एका दिवशी तिने विचारलं, तुमच्या पुस्तकात माझं शहर अजून आहे का?

काकांनी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "येस टीचर. यू आर नंबर एट. प्रॉमिस."

मग आम्ही ते पान लिहिलं. त्यात रोगाचं नाव नाही. वुहान सकाळी सात वाजता उभ्याने, चालत, बसची वाट बघत नाश्ता करतं, असं ते सुरू होतं. कागदाच्या वाडग्यात तिळाच्या वाटणात घोळवलेल्या गरम नूडल्स. डाव्या हातात वाडगा, उजव्या हातात काड्या, आणि तरी माणूस ऑफिसला वेळेवर पोचतो. हे खरं म्हणजे तीन गावांचं एक शहर आहे आणि मधून यांगत्से नदी जाते. पूल पुष्कळ झाले तरी लोक अजून फेरीबोटीने नदी ओलांडतात. वसंतात युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर चेरी फुलते. पान वाचून काकांनी समासात काहीच लिहिलं नाही. मला ते बक्षीस वाटलं.

पुस्तक आमच्या भागातलं मराठी मंडळ छापणार होतं. मार्चमध्ये मेलबर्न बंद झालं, दुकानाला कुलूप लागलं, आणि मंडळाच्या सेक्रेटरींचा काकांना फोन आला. माणूस चांगला होता, लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या स्टुडंट्सच्या घरी डबे पोचवत होता. तो म्हणाला, काका, वातावरण बरं नाही, सध्या सात शहरं करू. वुहान पुढच्या आवृत्तीत घालू. काका म्हणाले, बघू. वसईच्या माणसाचं "बघू" म्हणजे नाही, हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या ऑगस्टमध्ये, घरापासून पाच किलोमीटरच्या आतच हिंडायची परवानगी होती. दुकानाच्या फायली मी माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवल्या होत्या आणि त्या लावत बसले होते. एका दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. आमच्याच शॉपिंग सेंटरमध्ये बाकावर बसलेलं एक म्हातारं चिनी जोडपं. बाईच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी. कोणीतरी तो लपून काढला होता आणि खाली लिहिलं होतं की यांच्यापासून पाच नव्हे, पाचशे किलोमीटर लांब राहा. हसण्याच्या चिन्हांची रांग. तो फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या बाई आमच्या ओळखीच्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, काका वहिनी म्हणायचे. त्या काकांबरोबर चीनला जाऊन आल्या होत्या. आणि त्यांच्या प्रवासाची फाईल नेमकी त्याच आठवड्यात माझ्या हाताखालून गेली होती. तिच्यात वुहानच्या एका हॉस्पिटलचे चिनी कागद होते, चार दिवसांचे, आणि फोनवर भाषांतर करून पाहिलं तर सोबत बसणाऱ्याच्या रकान्यात टीचरचं नाव.

मी काकांना विचारलं नाही. मी वुहानचं पान ग्रुपवर टाकलं आणि वर माझ्या हाताने लिहिलं: "बंधू-भगिनींनो, लाज वाटू द्या. ज्यांनी हा फोटो पाठवला त्यांनी सांगावं, त्या वुहानच्या हॉस्पिटलात चार दिवस होत्या तेव्हा त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं? एक चिनी बाईच ना?"

पाच जणांनी अंगठे दिले. मला वडिलांची आठवण झाली. मी खूश होते, हे कबूल करते.

संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण मला भांडता येतं. त्यांनी फक्त फाईल कुठे मिळाली ते विचारलं. मी सांगितलं.

"बाय," वसईकडे मुलीला म्हणतात तसं ते म्हणाले, "तू लिहिलंस ते खरं असेल. पण ते तुझं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत चालायला बोलावलं. दोघांना व्यायामाला म्हणून तासभर बाहेर पडता येत असे. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, वर मास्क. त्यांचं हृदय अधू होतं आणि डॉक्टरने चढ टाळायला सांगितला होता, तरी ते मावशींच्या घराकडे जाणाऱ्या चढावर दोनदा थांबून चढले. आम्ही ड्राइव्हवेवर उभे राहिलो. मावशी जाळीच्या दाराआड आल्या. जाळीतून चेहरा नीट दिसत नव्हता.

काका म्हणाले, "वहिनी, तुमची गोष्ट माझ्या फायलीतनं बाहेर गेली. चूक माझी. मी माफी मागायला आलो."

मीही पुटपुटले. मावशी म्हणाल्या, ठीक आहे. आतलं दार लागलं.

उतारावर मी भडकले. आणि फोटोचं काय, मी विचारलं. त्या म्हाताऱ्या जोडप्याची माफी कोण मागणार? तुम्ही त्याबद्दल एक शब्द का काढला नाहीत? समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन येत होती, तिने अंतर ठेवायला म्हणून रस्ता ओलांडला. ती गेल्यावर काका म्हणाले की माफी मागायला गेलेल्या माणसाने दुसऱ्याचं उणं काढायचं नसतं, नाहीतर ती माफी राहत नाही. फोटोचं वेगळं बघू.

आता सेक्रेटरींचा सूर बदलला होता. ग्रुपवर वाद पेटला, तीन कुटुंबं बाहेर पडली. मंडळाने कळवलं की वुहानचं पान काढलं तरच पुस्तक निघेल, नाहीतर विषय संपला. आणि इथे मी, जाब विचारणारी, तत्त्वाची पोर, काय केलं माहीत आहे? मीच काकांना म्हणाले, सात तर सात. त्यांची तब्येत मला दिसत होती. पुस्तक हातात घेण्याची त्यांची किती इच्छा आहे, तेही माहीत होतं. माझ्या चुकीमुळे ते बुडू नये, असं मला वाटत होतं.

काकांनी नकार दिला, तोही चिडून नाही. पंगतीत एकाला वाढायचं राहिलं असेल तर बाकीच्यांनी घास उचलायचा नाही, एवढं आपल्याकडे लहान पोराला शिकवतात, ते म्हणाले. मी म्हटलं, काका, पंगतच उठवली तर सगळेच उपाशी राहतील.

"राहू देत की. टीचरला शब्द दिलाय मी."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. रोज दुपारी ते आपल्या एका जुन्या प्रवाशाला फोन करायचे. आधी तब्येत विचारायचे, औषधं आहेत का, मुलगा सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलात ड्युटीवर असेल तर तो कसा आहे. मग म्हणायचे, दोन मिनिटं आहेत का, एक पान वाचून दाखवतो. आणि वुहानचं पान वाचायचे. कोणी म्हणायचं, नेटवर्क जातंय. कोणी खरंच ऐकायचं. एका गृहस्थांनी तिळाच्या वाटणाची कृती मागितली आणि आठवड्याने सांगितलं की बायकोला आवडलं. एकाने आपला नातू इथल्या शाळेत चिनी मित्राशी बोलायचा बंद झाला आहे असं सांगितलं, आणि ते पान इंग्रजीत करून मागितलं. ते मी करून दिलं. पहिल्यांदाच कुठलीही घोषणा न घालता.

यादीत मावशींचंही नाव होतं. काका ते दर वेळी सोडून पुढे जायचे. मला वाटलं, दुखावलेत. किंवा घाबरलेत. मी विचारलंही एकदा, की ज्यांना सगळ्यात जास्त ऐकवायला हवं त्यांनाच कसं सोडता. ते म्हणाले, "त्यांना ते पान माझ्यापेक्षा पाठ आहे." मला याचा अर्थ लागला नाही.

पुढच्या वर्षी दुकान कायमचं बंद झालं. काकांची मुलगी ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते, ती त्यांना घेऊन गेली. तिथून ते मला तळ्यावरच्या बदकांचे फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, इथे सात वाजता एवढंच असतं. मग हिवाळ्यात राज्यांच्या हद्दी पुन्हा बंद झाल्या आणि त्याच दिवसांत ते गेले. हृदयच होतं. मी त्यांची प्रार्थनासभा लॅपटॉपवर पाहिली. चर्चच्या बाकांवर माणसं लांब लांब बसवलेली होती आणि कॅमेरा कुठेतरी उंचावर होता, त्यामुळे सगळ्यांचे फक्त केस दिसत होते.

टीचरला मी मेसेज केला. तिने छोटा आवाजी मेसेज पाठवला, त्यात ती दोनदा फक्त "नंबर एट" म्हणाली.

महिन्याभराने मी मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ लिहिली. काकांचं पुस्तक मी स्वतः छापते आहे, आठ शहरं, कोणाला हवं असल्यास कळवा. एवढंच. बंधू-भगिनींनो सुद्धा लिहिलं नाही. सेक्रेटरींनी सगळ्यात आधी कळवलं, दोन प्रती म्हणून. त्यानंतर चार दिवसांनी मावशींचा फोन आला.

त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. फोटोबद्दल मी विचारलं, या वेळी सरळ आवाजात. त्या म्हणाल्या, सगळे पाठवत होते, मीही पाठवला, मग रात्रंदिवस ती कोथिंबीर डोळ्यांपुढून हलेना. एवढ्यावर तो विषय त्यांनी संपवला. मग विचारलं, "आठ आहेत ना नक्की? मग आठव्यात माझं घाल. मी सांगते, तू लिही. नाव पूर्ण घाल, आडनावासकट."

मी म्हटलं, मावशी, आजारपणाचं छापायची काही गरज नाही.

"आजारी नव्हते मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या कागदांत काहीच नव्हतं."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे यजमान जाऊन सहा महिने झाले होते. मुलांनी बळेच ट्रिपला पाठवलं होतं. वुहानला ग्रुप फेरीबोटीने नदीपार गेला आणि परत आला, सगळे उतरले, आणि मावशींना उतरावंसंच वाटेना. बोट चालू असेपर्यंत बरं वाटत होतं, काठ आला की छातीत धस्स व्हायचं. काकांनी ग्रुपला दुसऱ्या गाईडबरोबर हॉटेलवर पाठवलं आणि टीचरला बोटीवर. ती शेजारी येऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या दोघी नदी ओलांडत राहिल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. टीचरने मधे एकदा नूडल्सचा वाडगा आणला, तो दोघींनी एकातच खाल्ला. शेवटी उतरल्यावर मावशींना चक्कर आली म्हणून हॉस्पिटल, चार दिवस नुसतं देखरेखीला ठेवलं, बाकी काही नाही.

मी लिहून घेत होते. मी त्यांना विचारलं की काका त्या वेळी कुठे होते.

जेट्टीवर, मावशी म्हणाल्या. ऊन होतं, छत्री घेऊन दिवसभर उभे. बोट काठाला लागायची तेव्हा दर वेळी तिथेच दिसायचे, पण एकदाही त्यांनी हात केला नाही. नदीकडे बघत राहायचे, जणू दुसऱ्याच कोणाची वाट बघत आहेत. मला तेव्हा राग आला होता, हा माणूस हाकसुद्धा कसा मारत नाही म्हणून. आता कळतं. हाक मारली असती तर मला उतरावं लागलं असतं.